मुठीचं मडकं

"गिदोनला सांगू नको, सहादेवा," लिफाफा पदराखाली घेत दयाबाईने पोस्टमनला विनवलं.

लिफाफा खाकी होता, वर सरकारी शिक्का होता. सहादेवने मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वी असाच एक त्यानेच आणून दिला होता. त्यापायी तिच्या थोरल्या मुलाची, दानीएलची रजा चार दिवस आधी मोडली, तो ब्रह्मदेशात गेला आणि पुढे नुसती तार आली.

आता अठ्ठेचाळीस साल होतं आणि धाकटा गिदोन रजेवर आला होता. चौदा ऑगस्टला त्याला निघायचं होतं. आज सहा तारीख.

दयाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तो खाकी रंग तिला पाठ होता. रोज भाकरी थापण्याआधी मूठभर बाजरी देवासाठी मडक्यात टाकायची आणि महिन्याला ते मडकं देवळात न्यायचं, ही गावातल्या ख्रिस्ती बायकांची रीत. घरात दाणा नसला तरी त्या मडक्यात कुणी हात घालत नसे. दयाबाईने लिफाफा त्याच्या तळाशी खुपसला आणि वरून बाजरी सारखी केली. देवापाशीच ठेवलंय, चोरी थोडीच आहे, अशी तिने मनाची समजूत घातली.

तिची भीती उगाच नव्हती. एलिया मास्तर दर रविवारी उपासना संपली की देवळाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवत. काश्मीरची लढाई आता दोघांची राहायची नाही, असं ते म्हणत. वरून रशिया उतरेल, इकडून अमेरिका आणि इंग्रज. बर्लिनवरून त्यांचं आधीच वाजलंय. एकदा ते भिडले की जपानवर टाकला तसला बॉम्ब. मागची लढाईही अशीच कुठल्याशा कोपऱ्यात पेटली होती, हे सांगताना मास्तर वर्तमानपत्र मिटून ठेवायचे. पुणतांब्याच्या बाजारात बायका मीठ-मिरची घेता घेता रशियाबद्दल बोलू लागल्या होत्या. भांडण लांबचं म्हणायचं, पण मरतात पोरं इथली.

त्यात गिदोनचं वागणं तिला आणखी घाबरवत होतं. त्याने विहिरीतला गाळ काढला, गोठा शाकारला, बांधावर लिंबाची रोपं लावली. जाणारा माणूसच असं सगळं मार्गी लावतो. शिवाय रोज दुपारी विचारायचा, काही कागद आला का. पलटणीची ओढ लागलीय, आईजवळ चार दिवस जीव रमत नाही ह्याचा, असं वाटून तिला रडू यायचं.

"कसला कागद रं?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"आला की सांगतो," तो म्हणाला. "न्हाई आला तर उगा तुज्या जिवाला घोर नको."

त्याने सहादेवला वाटेत गाठूनही विचारलं. सहादेव नाही म्हणाला आणि सायकल हाणत निघून गेला.

तेरा तारखेला गिदोन जेवलाच नाही. दयाबाईने त्याचा हात धरला. "जाऊ नको. मामाकडं लपून ऱ्हा."

"पळपुट्यांचं काय करत्यात ठावं न्हाई तुला," तो म्हणाला. त्याने हात हळूच सोडवून घेतला.

चौदाला पुणतांबा स्टेशनात तो मनमाडच्या गाडीत चढला. गाडी हलली तरी तो दारातच उभा होता. घरी येईपर्यंत दयाबाईला नवीच भीती लागली. सरकारी हुकूम तिने दडवला होता. त्यापायी पोराला तिकडे शिक्षा झाली तर?

मडकं कडेवर घेऊन ती थेट मास्तरांकडे गेली. बाजरी सुपात ओतली, लिफाफा काढून दिला आणि सगळं सांगून टाकलं. "माजा गुन्हा हाय, मास्तर. त्याला यातलं येक अक्षर ठावं न्हाई. तसं लिवून कळवा त्यांना."

मास्तरांनी चष्मा लावला. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"वाचा की, मास्तर," दयाबाई म्हणाली. "कवा बोलावलं हुतं त्याला?"

मास्तर थांबत थांबत मराठीत सांगू लागले, "एकुलता उरलेला मुलगा म्हणून फौजेतून सुटका मिळावी, हा तुझा अर्ज मंजूर झाला आहे. बारा तारखेच्या आत नगरला येऊन सही कर. न आल्यास अर्ज रद्द समजून तुला पलटणीबरोबर काश्मीरला पाठवलं जाईल."