हलके स्वर

“आपण रेकॉर्डिंग लावू,” वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले. “तुम्ही नुसते बसा, हात हलवा. लोकांना कुठे कळतंय?”

“मग पुतळा बसवा,” अप्पा म्हणाले. “मी बसलो तर वाजवणार.”

त्यांची मुलगी दारातच थबकली. अर्धांगवायूच्या झटक्यातून अप्पांचा उजवा हात सावरला होता, पण दोन बोटं ऐकत नव्हती. एक पट्टी दाबताना शेजारची निसटती लागायची. बेचाळीस वर्षं त्या वाद्यवृंदात पियानो वाजवलेल्या माणसाला संचालकांनी पुढच्या कार्यक्रमापर्यंत, म्हणजे दोन महिन्यांची, मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी.

मुलगी प्रोग्रामर. तिने अप्पांसाठी पियानोऐवजी लॅपटॉपला जोडलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मांडला आणि पायथन या संगणकभाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. कीबोर्डची पट्टी दाबली की मिडी संदेश निघतो: कोणती पट्टी, किती जोराने. स्क्रिप्ट तो पकडून खालचे स्वर व्हायोलिनच्या प्रोग्रामकडे आणि वरचे पियानोच्या प्रोग्रामकडे पाठवायची. अप्पांना तिने एवढंच सांगितलं.

एक ओळ मात्र लपवली. चुकून लागलेली पट्टी हलकीच दाबली जाते. ती ओळ हलके स्वर पुढे जाऊच देत नव्हती.

“हे माझ्या वाजवण्यात नाक खुपसत नाही ना?”

“नाही हो अप्पा. नुसता पोस्टमन आहे.”

अप्पांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पहिल्या दोन तालमी स्वच्छ झाल्या. मग पुन्हा गडबड सुरू झाली. तिला वाटलं, स्क्रिप्टच कमी पडतेय. ती दुरुस्त करायला गेली, तर अप्पांनी लॅपटॉप मिटून बगलेत मारला. “खबरदार हात लावलास तर! माझं मी बघतो.” रोज सकाळी त्यांच्या खोलीचं दार आतून बंद असायचं. महिन्याभराने स्वर पुन्हा स्वच्छ आले. सवय झाली यंत्राची, तिने मनाशी म्हटलं.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. अप्पा ताठ बसले आणि असे दणकून वाजवत सुटले की संचालकांनाच ताल सांभाळावा लागला. शेवटी मात्र त्यांनी हात आवरता घेतला. अखेरचे चार स्वर इतके अलगद आले, की टाळ्या पडायलाही क्षणभर वेळ लागला.

“मानलं तुमच्या लेकीच्या प्रोग्रामला!” संचालक म्हणाले. अप्पा नुसते हसले.

मुलगी टाळ्या वाजवता वाजवता थांबली. ते चार स्वर ऐकूच यायला नको होते.

तिने विंगेतला लॅपटॉप ओढला आणि स्क्रिप्ट उघडली. तिच्या त्या ओळीपुढे एक चिन्ह टाकलेलं होतं. ते असलं की संगणक ती ओळ सोडून देतो. खाली तिसऱ्या तालमीची तारीख होती आणि एका बोटाने टाइप केलेली दोन वाक्यं:

‘पोस्टमनला पत्रं फाडायची मुभा नसते, बाळ. चुकलो तर चूक माझी असू दे.’