न विसरणारं गाव

रक्ताची अकरावी नळी भरली आणि डॉ. शिवकन्या मनातल्या मनात नाचायचीच काय ती बाकी राहिली. अकरा म्हातारे, सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे, आणि विसरभोळा एकही नाही.

१९९९चा मार्च सरत आला होता. महिनाअखेरीस तिच्या संशोधनाची मुदत संपणार होती. तीन वर्षं मराठवाड्यातली गावं पालथी घालून हाती काही लागलं नव्हतं. पिंपळगाव रेणुकाई हे शेवटचं, आणि घबाड सापडलं ते नेमकं इथंच.

सगळं श्रेय धर्मराज गुरुजींचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा निवृत्त मास्तर सकाळपासून उन्हात तिच्याबरोबर दारोदार फिरत होता. नाव आणि जन्मसाल गुरुजीच सांगत, समोरचा मान हलवून निमूट बाही वर करी, शिवकन्या नळीवर लिहून घेई. मग ती पाच शब्द सांगे आणि पाच मिनिटांनी परत विचारे. पाचही बिनचूक येत.

आपण काय शोधतोय, हे तिनं गुरुजींना वाटेत समजावलं होतं. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, त्याचे थर बसतात आणि माणूस विसरायला लागतो. दुसरं एक प्रथिन तो साठा हटवायला मदत करतं, पण ते सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाचं कामसू, कुणाचं आळशी.

"म्हंजी एक कचरा करतं, दुसरं झाडून काढतं," गुरुजी म्हणाले.

इतकं सोपं करून सांगणं तिच्या सरांनाही कधी जमलं नव्हतं.

इथल्या म्हाताऱ्यांचा झाडू भलताच चांगला असावा. दिसायलाही ते वयाच्या मानानं वीस वर्षांनी लहान. आणि गुरुजींचा पाहुणचार तर विचारूच नये. दोन तासांत त्यांनी तिला तीनदा चहा पाजला, आणि दर वेळी तिच्या गावाची, आईवडिलांची आस्थेनं चौकशी केली.

बारावं आणि शेवटचं घर रखमाजींचं, जन्म १९२१. सुई टोचून होईपर्यंत गुरुजी पुन्हा चहाचं सांगायला आत गेले. शिवकन्येला भरून आलं. गुरुजी नसते तर माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती, ती म्हणाली, त्यांचे उपकार कसे फेडायचे तेच कळत नाही.

रखमाजींनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, नळीवर रखमाजी लिहू नका. रखमाजी माझे वडील, त्यांला जाऊन वीस वर्षं झाली. मी भिवा, पंचावन्न वर्षांचा. दोन वर्षांपासून गुरुजी समद्या गावाला असंच बापाच्या नावानं हाक मारून राह्यलेत. आमच्या हातात पाटी त्यांनीच दिल्ती. मंग ओ द्यायला आमचं काय जातंय?"