सुटायची वेळ

परळला, संपानंतर बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लवूचं ऑफिस होतं. तिथे साफसफाई करणारी शेवंतीताई एका संध्याकाळी त्याच्यावर भडकलीच. "लवूदादा, तुमचं ते हजेरीचं मशीन रोज उशिरा सोडतं. नात शाळेच्या गेटवर एकटी रडत बसते! सासऱ्यांच्या गिरणीचा भोंगा निदान सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायचा."

लवूने तपासलं आणि त्याचं डोकं फिरलं. हजेरीच्या सर्व्हरला स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये तो इतर सर्व्हरांसोबत पोटभाडेकरूसारखा राहत होता. दिवसा गर्दी झाली की त्याला मधेमधे झोपवलं जाई, आणि झोपेत पडलेले घड्याळाचे ठोके तो मोजतच नसे. संध्याकाळपर्यंत त्याची वेळ चांगलीच मागे पडे. पहाटे ती पुन्हा बरोबर लावली जाई, त्यामुळे साफसफाईच्या बायकांना सकाळी झालेला उशीर मात्र अचूक पकडला जाई.

जाग येताच सर्व्हरने बुडालेले ठोके भरून काढावेत, अशी सोय लवूने केली. त्या दिवशी शेवंतीताई वेळेवर सुटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "त्या घड्याळाला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

"साहेब, ते मागे पडत होतं. बायका रोज फुकट राबत होत्या!" लवूचा आवाज चढला.

 

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "म्हणून तर तुझी-माझी हजेरी त्या मशीनवर ठेवली नाही."