रजेच्या अर्जाचं शेवटचं बटण

या, अशा जवळ सरकून बसा. समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगतो, आरतीच्या आत संपेल.

तिसरा शुक्रवार होता, आणि धोंडीरामचं बोट पुन्हा शेवटच्या बटणाशी येऊन थांबलं होतं.

बटण कागदाचं होतं. कतारमध्ये दोह्याला, अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर अलीजाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसेल ते कागदांवर काढून मांडलं होतं. बोट टेकलं की ती पुढचा कागद सरकवायची. दोन हजार सहा सालची गोष्ट. माणूस आणि मशीन यांचं एकमेकांशी कसं जमवायचं, याचा कोर्स ती विद्यापीठात करत होती. कामगाराला रजेचा अर्ज स्वतःच भरता येईल असं मशीन तिला आखायचं होतं. पारखायला कॉम्प्युटर कधी न हाताळलेला माणूस हवा होता. म्हणून तिच्या अब्बांनी, मजीदभाईंनी, आपल्या कंपनीतला हा वेल्डर मेसईदच्या कामगार वस्तीतून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी बोलावला होता.

कोर्सचा नियम कडक. मदत करायची नाही, मध्ये बोलायचं नाही. समोरच्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं आणि आपण टिपून घ्यायचं.

धोंडीराम बोलायचा. तारीख निवडताना धाकट्या लेकीच्या शाळेचं निघायचं, त्या लेकीला त्याने एकदाच पाहिलं होतं. कारण निवडताना बायकोचा, तानूबाईचा गुडघा, दावणीची म्हैस, गावच्या सप्त्यातलं कीर्तन आणि आपण बुवांमागे टाळ धरून कसे उभे राहायचो ते. मेसईदला त्याच्या खोलीत आणखी सहा जण होते, मराठी एकालाही येत नव्हती. इथे मात्र घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर मान खाली घालून त्याचा शब्द न् शब्द लिहीत होती.

सगळा अर्ज तो नीट भरायचा. ‘पाठवा’ एवढं बटण राहायचं, आणि तिथेच तो अडायचा. पहिल्या वेळेनंतर अलीजाने बटण मोठं केलं. दुसऱ्या वेळेनंतर लाल केलं. सरांनी बजावलं होतं, माणूस शेवटी अडतो म्हणजे आखणीच चुकली आहे. रविवारपर्यंत सुधारली नाही तर नापास.

सोफ्यावरून मजीदभाईंनी चिमटा काढला, की लोखंडाला लोखंड जोडतोस आणि कागदावर बोट टेकवता येत नाही तुला. धोंडीरामचं बोट तिथेच राहिलं.

अलीजाने नियम मोडला. “काका, बटण दिसत नाही का?”

“दिसतंय की, पोरी. पहिल्याच दिवशी दिसलं.” त्याने बोट मागे घेतलं. “पण ते दाबलं की खलास. तू कागद गोळा करणार. मग माझं कोण ऐकतंय?”

अलीजाने पेन खाली ठेवलं. मजीदभाईंनीच हळू आवाजात सांगितलं, की पोरीचं वर्ष यावर अडलंय. ऐकून धोंडीराम शरमला. आधी सांगायचं नाही का, म्हणाला, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून मांडायला लावले.

या खेपेला तो एक अक्षर बोलला नाही. तारीख, कारण, पाठवा. चाळीस सेकंद लागले.

अलीजाने अहवालात लिहिलं, वापरायला सोपं आहे. सर खूश झाले, ती चांगल्या मार्कांनी पास झाली.

पुढच्या शुक्रवारी धोंडीराम सकाळीच अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसून राहिला. बोलावणं आलं नाही. काम झालं होतं, कोणाला बोल लावणार?

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा या धोंडीरामची आठवण ठेवा. तीन शुक्रवार तो ज्या रजेचा अर्ज भरताना एवढं बोलला, ती रजा त्याने कंपनीकडे कधी मागितलीच नव्हती.