खिडकीतली नर्स

“हेच घेऊ. डोळे झाकून घेऊ,” बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघून जेमतेम आठवडा झाला होता.

स्टुडिओत नवा कॅमेरा आला होता आणि जुन्या सॉफ्टवेअरने त्याचे रॉ, म्हणजे कच्चे, फोटो उघडायला साफ नकार दिला होता. म्हणून दोन नवी सॉफ्टवेअर चाचणीपुरती उतरवून घेतली होती आणि दोन्हींची मुदत आज संपत होती. बाबांना पहिलं आवडलं होतं. मळकट कच्चा फोटो आत टाकला की ते त्याला आंघोळ घालून, भांग पाडून क्षणात बाहेर काढायचं. लेकीला दुसरं हवं होतं. ते रुक्ष होतं, रेंगाळायचं. पण त्यात एकाच फोटोवर दोघांनी केलेलं काम वेगवेगळं राहायचं, एकाचं दुसऱ्याने पुसलं जात नव्हतं.

“आपल्याला काय करायचंय ते?” बाबा म्हणाले. “रंग मी बघतो. दुसरा हात कुणाचा?”

पलीकडे पासपोर्ट फोटो कापत बसलेल्या आईची कात्री जरा थांबली.

रंगाच्या बाबतीत या स्टुडिओत बाबांचा शब्द शेवटचा, आणि तो मान फुकटचा नव्हता. रॉ फोटो दिसायला अगदी मरगळलेला असतो. त्यात गालावरचं ऊन किती, भिंतीवरून अंगावर आलेला हिरवा किती, हे ओळखून बाबा माणसाला माणसासारखं करत, ते बघत राहावं. दुकानाच्या दर्शनी खिडकीत त्यांनी गेल्या वर्षी काढलेला एका नर्सचा फोटो होता. पांढरा गणवेश, हातात नुकतं जन्मलेलं बाळ. जाणारे-येणारे थांबून बघत. तो उबदार पांढरा जमवताना गावातल्या बाकीच्या स्टुडिओवाल्यांनी हात टेकले होते. बाबांची तक्रार फक्त खिडकीबद्दल होती. काच पिवळी पडलीय, बदलायला हवी, असं ते कित्येक महिने म्हणत होते. हल्ली छपाईचा कागदही पिवळट येतो म्हणून कागदवाल्याशी त्यांचं वाजलंही होतं.

“परीक्षाच होऊ दे,” बाबा म्हणाले. “माझी नर्स उघडू. जे पांढरं नीट दाखवेल ते घ्यायचं.”

“नर्स कशाला? दुसरा एखादा बघू ना,” लेक घाईघाईने म्हणाली.

पण माऊस बाबांच्या हातात होता. त्यांनी स्वतः रंग देऊन पूर्ण केलेली नर्स शोधून काढली आणि उघडली. एकात, मग दुसऱ्यात.

दोन्हींत नर्स निळी होती. बाळ तर थंडीने काकडल्यासारखं दिसत होतं.

“दोन्ही भंगार!” बाबा कडाडले. सवयीने त्यांनी डावा डोळा झाकला. निळीच. मग ऑपरेशन झालेला उजवा झाकून डाव्याने पाहिलं, आणि नर्स झकास पांढरी झाली. त्यांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. उजव्याने भिंत पांढरी, डाव्याने पिवळट. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. हात हळूहळू खाली आला.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. मोतीबिंदूने त्यांना सगळं जग पिवळं दाखवलं होतं, आणि ते पिवळं घालवायला ते फोटोंत निळा ओतत गेले होते.

“वर्षभर,” ते पुटपुटले. “वर्षभर मी माणसं निळी करून घरी पाठवली?”

कुणी उत्तर द्यायच्या आत ते उठले आणि रस्त्यावर गेले. खिडकीसमोर उभे राहून, डाव्या डोळ्यावर हात धरून, त्यांनी आपल्या नर्सला नव्या डोळ्याने पाहिलं. काच स्वच्छ होती. गणवेश पांढरा होता, उबदार होता. बाळाच्या कानाच्या पाळीतून ऊन आरपार आलं होतं.

ते आत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. “खिडकीतली कुणी केली?”

“फोटो तुमचाच आहे, बाबा,” लेक म्हणाली. “छापायच्या आधी त्याची वेगळी प्रत करून मी फक्त थोडी ऊब घातली.”

“या एकालाच?”

“सगळ्यांना,” आईने मध्येच सांगून टाकलं. “रोज दुपारी तुम्ही आडवे झालात की बसायची. आणि डोळे दाखवून या म्हणून मी घसा फोडत होते, तेव्हा तुम्ही कागदवाल्याशी भांडत होतात.”

बाबांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. सांगितलं का नाही, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलंही. पण नजर पुन्हा पडद्यावरच्या निळ्या बाळाकडे गेली आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

“इतकं निळं केलं होतं मी. त्यातून तू ती कानाची पाळी परत आणलीस?”

“दोन दिवस लागले,” लेक म्हणाली.

“मला नसतं जमलं.”

हे वाक्य त्या स्टुडिओत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आईने कात्रीच खाली ठेवली.

बाबांनी आपली खुर्ची लेकीकडे सरकवली आणि तिचं स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं. “दुसरंच घे, दोन हातांचं. आधी तुझा हात. मग लागलाच तर माझा.”

“आणि तुमचा दुसरा डोळा?”

“त्याचंही ऑपरेशन होईल. तोवर त्याला मत नाही.”

त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि मान पुढे काढली. “कर सुरू. चुकलीस की सांगतो.”

लेकीने नव्या कॅमेऱ्यातला पहिला कच्चा फोटो उघडला आणि त्यातलं पांढरं शोधू लागली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.