वर येणारी बोट

सेंट लॉरेन्स नदीवरच्या लॉकमधलं, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या बंदिस्त हौदातलं, पाणी सोडलं की छोटी प्रवासी बोट भिंतीलगत हळूहळू खाली उतरायची. काठावर झडपा सांभाळणारा रेमी दर आठवड्याला बोटीवरच्या स्वयंपाकिणीला, ओदीलला, लग्नाचं विचारायला यायचा आणि हवामानावर बोलायचा.

"लवकर बोल रे, मी खाली चाललेय!"

"उद्या... वारा सुटेल बहुतेक."

परतीला बोट वर चढली की ओदील थेट समोर यायची, म्हणून त्या दिवशी तो रजा टाकायचा.

नदी गोठायच्या आधीच्या शेवटच्या परतीला मात्र रजा मिळाली नाही. पाणी भरू लागलं. आधी चिमणी वर आली, मग ओदील, आणि तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभी तिची आई.

"काय जावईबापू, आज काय म्हणतंय हवामान?"