दोरीचं दुसरं टोक

बोटीवरून निवृत्त झालेले कप्तान दर रविवारी गळाच्या दुकानात यायचे आणि खोल समुद्रात जिग, म्हणजे माशासारखा दिसणारा जड गळ, सोडून मोठा मासा ओढायला रॉड अन् रीळ निवडत बसायचे. "हा रॉड फार लवतो. या रिळाचा ब्रेक ढिला." हाताला ओढ लागल्याशिवाय त्यांना काही पटायचं नाही. मग पोट सुटलेला दुकानदार रिळाच्या दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून रस्त्यापर्यंत जायचा आणि गळाला लागलेल्या माशासारखा जीव खाऊन ओढायचा.

"डॉक्टरांनी त्यांना बोटीवर पाय ठेवायची मनाई केलीय," या रविवारी दुकानदाराची बायको त्याला हळूच म्हणाली. "ते कसला रॉड घेताहेत!"

"ठाऊक आहे," म्हणत तो दोरी गुंडाळू लागला.

आज तो डावीकडे पळाला, उजवीकडे वळला, मध्येच फतकल मारून बसला. कप्तानांनी ओठ आवळून रीळ फिरवत त्याला काउंटरपर्यंत आणलाच.

"मग, हा रॉड बांधून देऊ?" त्याने धापा टाकत विचारलं.

छोटा मासा परत सोडताना गळ काढावा, तशी कप्तानांनी त्याच्या मनगटाची दोरी सोडवली, पाठ थोपटली.

"लहान आहेस रे अजून," ते म्हणाले. "जा. तू तरी जा पाण्यात."